को म्हणजे कोईमतूर

तुळशीच्या लग्नाचा मांडव आमच्या गावी अजून उसाचाच असतो. वाढ्यासकट पाच ऊस वृंदावनाभोवती उभे करायचे आणि शेंड्याला बांधायचे, हे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. पुण्यात येऊन चाळीस वर्षे झाली तरी कार्तिकातले ते चार दिवस मी नीरेकाठच्या आमच्या गावी जातो आणि कोयता घेऊन दादांच्या मागोमाग उसात शिरतो. गेल्या कार्तिकात मात्र ऊस तोडता तोडता हात थांबला. पानाची मधली शीर पांढरट असायला हवी, ती हळदीचे बोट फिरवल्यासारखी पिवळी दिसत होती. एखाद्या उसाची असती तर मी लक्ष दिले नसते, पण सरीच्या सरी तशा होत्या. शेंड्याकडची कांडी आखूड पडली होती आणि पाने केरसुणीसारखी एका जागी गोळा झाली होती. कोवळे पान उजेडाकडे धरले तर त्यावर फिकट ठिपक्यांची नक्षी.

दादांना विचारले. त्यांचे म्हणणे असे पडले की उन्हाळ्यात दोन पाळ्या चुकल्या आणि शिवाय वाण आता म्हातारा झाला.

वाण म्हातारा झाला, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले नाही. वडील, म्हणजे आमचे अण्णा, ४१९ उसाबद्दल हेच म्हणायचे. पुढे ७४०बद्दलही म्हणू लागले. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर बैलगाडीने बेणे आणायला ते गेले तेव्हा मी गाडीत होतो. पाटीवर को ७४० असे लिहिले होते. को म्हणजे कोल्हापूर असावे, अशी माझी पक्की समजूत झाली, कारण गूळ कोल्हापूरचा तर ऊसही तिथलाच असणार! ही समजूत पुढे कॉलेजात जाईपर्यंत टिकली. अण्णांना विचारायचे सुचले नाही, आणि विचारले असते तरी त्यांना ठाऊक असते असे नाही. आपल्याकडे तीन पिढ्यांनी को हे अक्षर रोज उच्चारले. ते कोईमतूरचे आहे आणि त्यामागे एका माणसाचे तीस वर्षांचे आयुष्य उभे आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

दादांच्या शेतातला ऊस को ८६०३२. चौदा वर्षांपूर्वी विकत आणलेले बेणे, त्यानंतर दर लागणीला घरचेच. दादांना या बेण्याचा अभिमान. भाऊबंदांनी मागितले तर मोळ्या भरून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. चार वर्षांपूर्वी ताईच्या सासरी, इंदापूरकडे, एक ट्रॉली भरून याच शेतातले बेणे गेले होते.

मी दादांना न सांगता पाने कागदात गुंडाळून पुण्याला आणली आणि ओळखीच्या एका शास्त्रज्ञांमार्फत तपासायला दिली. उत्तर आले ते वाचून मी खुर्चीत बसलो. पानांत एक नाही, तीन विषाणू सापडले होते. एक पाने पिवळी करणारा आणि दोन मोझॅकचे. हे तिघे एका उसात सुखाने नांदत होते, आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो.

त्या रात्रीपासून मी कोईमतूरच्या त्या माणसाविषयी मिळेल ते वाचू लागलो. वाणाला म्हातारपण येते कसे, हा प्रश्न त्याच्या चरित्राच्या पोटातच दडलेला आहे.

तिरुवाडि सांबशिव अय्यर वेंकटरामन यांचा जन्म जून १८८४चा, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातला. नावातले तिरुवाडि म्हणजे कावेरीकाठचे तिरुवैयारू, जिथे त्यागराजांची समाधी आहे ते गाव. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यातलेच ते. दक्षिणेत नावापुढे गाव लावायची रीत आहे. आपण ते आडनावात घालतो, ते आधी सांगतात, एवढाच फरक. वनस्पतिशास्त्र शिकलेला हा तरुण सरकारी शेतकी खात्यात लागला आणि १९१२ साली कोईमतूरला नव्यानेच निघालेल्या ऊस पैदास केंद्रात चार्ल्स आल्फ्रेड बार्बर या इंग्रज शास्त्रज्ञाचा सहायक म्हणून रुजू झाला. वय अठ्ठावीस.

हे केंद्र का निघाले ते सांगायला हवे. साखर ही या देशाने जगाला दिलेली वस्तू. तिचे नावदेखील संस्कृत शर्करेवरून जगभर गेलेले. पण विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई-पुण्याच्या चहात पडणारी पांढरी साखर बहुतेक जावा बेटावरून बोटीने यायची. उत्तर हिंदुस्थानात उसाचे क्षेत्र अफाट होते, पण ऊस बोटाएवढा बारीक, चोयट आणि रसाला कमी. दक्षिणेतला जाड, रसाळ ऊस तिकडे नेला तर थंडीत आणि कोरड्या उन्हाळ्यात तग धरत नसे. पंडित मदन मोहन मालवीय यांनी केंद्रीय कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला, आणि त्यातून उसाची नवी वाणे तयार करण्यासाठी कोईमतूर निवडले गेले.

कोईमतूरच का? तिथे उसाला तुरा येतो आणि त्या तुऱ्यात जिवंत बी धरते, म्हणून. आपल्याकडे तुरा आला की शेतकरी कपाळाला आठ्या घालतो, कारण तुरा आला म्हणजे वाढ थांबली. उसाला बी असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते, कारण आपण लावतो ती कांडी. बी म्हणावे तर कापसाच्या म्हाताऱ्यांसारख्या तंतूंत गुरफटलेला मोहरीहून बारीक कण. फुंकर मारली तर उडून जाईल. पण नवा ऊस जन्माला घालायचा तर त्याच कणातून घालावा लागतो. एका तुऱ्यातल्या बियांपासून उगवलेली शंभर रोपे घेतली तर शंभर वेगवेगळे ऊस निघतात, जशी एकाच आईची मुले वेगवेगळी. त्यातला एखादा कामाचा.

बार्बर आणि वेंकटरामन यांनी केलेला पहिला मोठा संकर ऐकला की आजही नवल वाटते. वेल्लै नावाच्या जाड, गोड, दक्षिणी उसावर त्यांनी कास गवताचे पराग टाकले. कास म्हणजे ओढ्याकाठी, बांधावर उगवणारे, शरदात पांढरे तुरे काढणारे ते रानगवत. शेतकरी त्याला शिव्या घालतो, कारण एकदा घुसले की निघत नाही. रसाच्या नावाने शून्य. अशा गवताशी राजस उसाचे लग्न लावायचे हा विचार जावातल्या डच शास्त्रज्ञांनाही सुचला होता, पण मुद्दाम हा संकर करून त्यातून सरळ शेतात जाणारे वाण काढणे हे कोईमतूरचे. १९१८ साली को २०५ बाहेर पडला. पंजाबातल्या बारीक देशी उसापेक्षा तो सुमारे दीडपट उतारा देऊ लागला. गोडी आईकडची आणि काटकपणा गवताचा.

बार्बर मायदेशी परतल्यावर केंद्राची सूत्रे वेंकटरामन यांच्याकडे आली, आणि १९४२ साली निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. सरकारी ऊसतज्ज्ञ असा त्यांचा हुद्दा. हुद्दा भारदस्त असला तरी काम मात्र हमालीचे. उसाचा तुरा पहाटे फुलतो, तेव्हा अंधारातच शेतात जायचे. दहा-बारा फूट उंचीवरच्या तुऱ्याला नको असलेल्या परागापासून जपायचे, हवा तो पराग त्यावर आणायचा. मग बी गोळा करून उगवायचे आणि हजारो रोपांतून नालायक उपटून टाकत जायचे. या निवडीला वर्षे लागत. शंभरांतले नव्याण्णव टाकून द्यायचे हे ज्याला जमते तोच पैदासकार, असे म्हणायला हरकत नाही. आपल्या हातून जन्मलेली वस्तू टाकवत नाही, ही आपली सर्वांचीच अडचण असते. दादांची तीच, माझीही तीच.

त्यांच्या हाताखालून को २१० आणि २१३ आले, त्यांनी बिहार-संयुक्त प्रांत व्यापला. मग २८१ आणि २९० आले. यांत दक्षिणेचा जाड ऊस, उत्तरेचा बारीक ऊस आणि रानगवत अशी तीन घराणी एकत्र आली होती. (उत्तरेच्या त्या बारीक उसाच्या शास्त्रीय नावात आज बार्बर यांचे नाव आहे.) पुढे ३१२, ३१३, ४२१, आणि आपल्या घरादाराला ओळखीचा ४१९. हा जावाच्या प्रसिद्ध पी.ओ.जे. २८७८ आणि कोईमतूरच्या २९० यांच्या संकरातला. दख्खनच्या कालव्यांवर तोवर पुंड्या ऊस होता. खायला लोण्यासारखा, पण नाजूक. ४१९ने त्याला मागे सारले. १९३२ साली सरकारने साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा केला, आणि काही वर्षांत देशातले कारखाने तीसच्या घरातून शंभराच्या पुढे गेले. कारखाना काय, भांडवल असले की उभा राहतो. त्याच्या गव्हाणीत टाकायला ऊस हवा, आणि तो ऊस कोईमतूरहून निघालेला होता. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा दख्खनच्या बागायती पट्ट्यात उसाची ओळख ४१९ हीच होती. सहकाराच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात, ती यावीतच. पण ज्या उसावर हे सगळे उभे राहिले त्याच्या जन्मदात्याचे नाव आपल्याकडच्या एखाद्या चौकालाही असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

याच वर्षांत जगात दुसरीकडे उसावर काय संकट आले होते, ते आता सांगतो. आमच्या शेतातल्या पिवळ्या पानांचा धागा तिथेच आहे.

उसाच्या पानांवर फिकट-हिरव्या ठिपक्यांची नक्षी उमटते, हे जावात १८९२ साली लक्षात आले होते. तिला पुढे मोझॅक म्हणू लागले. पानाला भोक नाही, बुरशी नाही, किडा नाही. ऊस मरतही नाही, फक्त दरवर्षी थोडा खुरटतो. त्यामुळे कोणी मनावर घेतले नाही. १९२० साली ब्रँडिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले की हा रोग मावा एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतो. तोवर फार उशीर झाला होता. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात १९११च्या सुमारास साडेतीन लाख टनांच्या आसपास साखर होत होती. १९२६ साली ती पन्नास हजार टनांच्याही खाली आली. तिथे एकटा मोझॅक नव्हता. मोझॅकने अशक्त केलेल्या उसाला लाल कूज आणि मूळकूज यांनी गाठले आणि सगळ्यांनी मिळून त्याला खाल्ले. कारखान्यांच्या चिमण्या थंड पडल्या. प्रथम जावाचे वाण धावून आले आणि १९३०च्या दशकात कोईमतूरचे को २८१ आणि को २९०. ओढ्याकाठच्या रानगवताचे रक्त तिथे उपयोगी पडले.

दक्षिण आफ्रिकेत, नाताळमध्ये, वेगळाच विषाणू होता. तिथे सगळीकडे उबा नावाचा एकच ऊस लावलेला, आणि त्याच्या पानांवर पांढरट रेघा पाडणारा रोग हळूहळू सर्वत्र पसरला. उबा काढून टाकावा लागला. त्याच्या जागी लागले ते पुन्हा कोईमतूरचेच, २८१, ३०१, ३३१. नाताळचे मळे ज्यांच्या घामावर उभे राहिले ते मजूर पिढ्यान् पिढ्या मद्रास इलाख्यातून आणि बिहारकडून गेलेले. त्यांच्या मागोमाग त्यांच्याच मुलखातला ऊस तिथे पोचला.

पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. नाताळला कोईमतूरहून को ४२१ आणि को ३१२ यांच्या संकराचे बी गेले. कांड्या गेल्या नाहीत, ते तंतूत गुरफटलेले कण गेले. ते तिथे उगवले, तिथे निवडले गेले आणि १९४५ साली एन.को. ३१० या नावाने शेतात आले. नावात एन नाताळचा, को कोईमतूरचा. हा ऊस पुढे तैवान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असा जगभर फिरला.

कांडीऐवजी बी पाठवण्यात काय बिघडले किंवा साधले, असे वाचकांना वाटेल. इथेच सारी गोम आहे. उसाचे हे विषाणू सहसा बियातून पुढच्या पिढीत जात नाहीत. बी म्हणजे कोरी पाटी. कांडी म्हणजे मात्र त्याच उसाचा तुकडा, त्याच्या अंगातल्या सगळ्या दुखण्यांसकट. आपण दादांसारखे चौदा वर्षे घरचे बेणे वापरतो, तेव्हा शेतात दरवेळी नवा ऊस लावत नसतो. तोच एक ऊस पुन्हा पुन्हा पुरून उगवत असतो. पहिल्या वर्षी माव्याने एक विषाणू आणला, तो बेण्यातून दुसऱ्या लागणीत गेला. खोडव्यात तो अधिक मुरला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दुसरा आला. पहिला निघून गेला नाही, तो होताच. असे करता करता घरात पाहुणे साठावेत तसे विषाणू साठत जातात. जाण्याची वाट कुठेच नाही.

दोघे-तिघे एकत्र आले की काय करतात, हे त्या शास्त्रज्ञांनी मला समजावून सांगितले ते असे. पानात साखर तयार होते, ती नळ्यांतून खाली कांडीत उतरते आणि साठते. मोझॅकचे विषाणू पानाची हिरवी शक्ती कमी करतात, म्हणजे चूलच मंद होते. पिवळ्या पानांचा विषाणू अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो. तो वाहतूक अडवतो, साखर पानातच तुंबते, शीर पिवळी पडते आणि खाली कांडी उपाशी राहते. एक दुखणे असेल तर उसाला निभावता येते. चूलही मंद आणि वाटही बंद, असे झाले की तो खंगतो. त्यात आणखी एक गोष्ट. वनस्पतींनाही विषाणूशी झुंजायची स्वतःची व्यवस्था असते. मोझॅकच्या घराण्यातले विषाणू तीच व्यवस्था लुळी पाडतात, आणि बऱ्याच पिकांत असे दिसले आहे की मग शेजारी असलेला दुसरा विषाणू बेसुमार वाढतो. २०११ साली केनियात मक्याची शेतेच्या शेते वाळून गेली, ती दोन विषाणूंच्या अशा युतीने. त्या दोघांतला एक आपल्या उसाच्या मोझॅकचा विषाणू होता. एकेकटे असते तर मक्याने दोघांनाही बऱ्यापैकी सोसले असते.

ऊस मक्यासारखा वाळून जात नाही. त्याचे दुखणे मुके असते, आणि हीच खरी पंचाईत आहे. पिवळ्या पानांचा रोग भारतात १९९९च्या सुमारास नोंदला गेला. ब्राझीलमध्ये त्याआधी, नव्वदच्या दशकात, एका लोकप्रिय वाणाचे उत्पन्न त्याने निम्म्यावर आणले होते. लक्षणे दिसतात ती ऊस पाच-सहा महिन्यांचा झाल्यावर, पक्वतेच्या सुमारास ठळकपणे. म्हणजे बेणे तोडायच्या वयात, नऊ-दहा महिन्यांच्या उसात, ती पुष्कळदा पुसटच असतात. मोझॅकचे दोन विषाणू तर नुसत्या नजरेने वेगळे ओळखताच येत नाहीत, त्याला प्रयोगशाळा लागते. लागण तीव्र असेल तर एकरी टनेज तिसऱ्या हिश्श्याने घटू शकते. शेतकरी खत वाढवतो, पाणी वाढवतो, आणि शेवटी वाणाचे वय झाले म्हणतो. काणी दिसते, लाल कूज दिसते, कारखान्याचा चिटबॉयही ती ओळखतो. खंगणे कोणाला दिसत नाही.

वेंकटरामन यांना यातले किती ठाऊक होते? विषाणू डोळ्यांनी दिसू लागले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, तीसच्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा त्यांची नोकरी संपत आली होती. ते रोगतज्ज्ञही नव्हते. कोणतेही एक वाण कायमचे मानून ते थांबले नाहीत, एवढे मात्र त्यांच्या कामाच्या यादीवरून स्पष्ट दिसते. २०५ पंजाबात गाजत असताना ते २८५ करत होते, २९० परदेशात निघाला तेव्हा ४१९ची रोपे निवडत होते. उसाच्या घराण्यात नवे रक्त आणण्याचा त्यांना जवळजवळ नादच होता. त्यांनी ज्वारीशी उसाचा संकर केला. एवढ्यावर न थांबता बांबूशी केला! शेतात त्यातून फारसे काही आले नाही, आणि त्या काळच्या लोकांनी भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही. मला स्वतःला हा बांबूचा प्रयोग त्यांच्या नाइटहूडपेक्षा जवळचा वाटतो. पन्नाशी ओलांडलेला, मानमरातब मिळालेला मोठा अधिकारी पहाटे उठून उसाच्या तुऱ्यावर बांबूचा पराग टाकतो आहे, हे चित्रच गोड आहे.

त्यांच्याच काळात, १९३४ साली, जानकी अम्मल कोईमतूरला आल्या. उसाच्या पेशींतल्या गुणसूत्रांचा त्यांनी केलेला अभ्यास पुढच्या पैदासकारांचा पाया झाला. एकट्या बाईला, त्यातही तेव्हाच्या जातिव्यवस्थेत खालच्या समजल्या गेलेल्या घरातल्या बाईला, तिथली वर्षे सोपी गेली नाहीत असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. १९३९ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि युद्धामुळे तिकडेच राहिल्या. वेंकटरामन यांचे मोठेपण सांगताना हे वगळले तर चित्र अपुरे राहील.

१९३७ साली हैदराबादला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणासाठी उसाच्या या राजाने विषय निवडला तो हिंदुस्थानातले खेडे, त्याचा भूत, वर्तमान आणि भविष्यकाळ. सरकारने त्यांना सर केले, स्वतंत्र भारताने १९५६ साली पद्मभूषण दिले. जानेवारी १९६३मध्ये ते वारले. म्हणजे अण्णा पाडेगावहून ७४०चे बेणे घेऊन आले त्याआधी तीन-चार वर्षे.

जगभर फिरलेल्या त्या एन.को. ३१०चे पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग भागात तो इतका पसरला की दुसरा ऊस शोधावा लागे. सत्तरच्या दशकात तिथे फिजी रोग नावाचा विषाणूजन्य रोग आला आणि हाच ऊस त्याला सर्वांत जास्त बळी पडला. उपटून टाकावा लागला. एका विषाणूपुढे ताठ उभा राहिलेला दुसऱ्यापुढे आडवा झाला.

हे सगळे वाचून झाल्यावर मी पौषात पुन्हा गावी गेलो. प्रयोगशाळेचा कागद खिशात होता, पण दादांपुढे काढायला जेवण होईपर्यंत धीर झाला नाही. थोरल्या भावाला त्याच्या शेतातले दुखणे सांगणे, तेही शहरात राहून, हे किती अवघड असते ते ज्याला थोरला भाऊ आहे त्यालाच कळेल. वहिनींनी सुपारीचे तबक पुढे केले तेव्हा कागद काढला. दादांनी तो वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला तो औषध कोणते फवारायचे, हा.

फवारून निघत नाही, हे सांगावे लागले. उसात शिरलेल्या विषाणूवर फवारा नाही. माव्याला आवरता येते, पण आत गेलेले आतच राहते. बेण्याला आपण गरम पाण्याची किंवा उष्ण हवेची प्रक्रिया करतो, ती गवताळ वाढ, खोडव्याचे खुजेपण यांवर चालते, पण या विषाणूंवर नाही. उपाय आहे तो मुळापासूनचा. उसाच्या शेंड्याच्या अगदी टोकाला, डोळ्यांना नीट दिसणारही नाही एवढ्या कोंबात, विषाणू पोचलेले नसतात. तो कोंब काढून काचेच्या नळीत वाढवतात, तपासतात, आणि त्यापासून रोपे करतात. हे उतीसंवर्धन आपल्याकडे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांत होते. त्या रोपांपासून मूलभूत बेणे, त्याचे पायाभूत, त्याचे प्रमाणित, आणि मग शेतकऱ्याकडे. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलायचे. वाण तोच, ८६०३२च. म्हातारा झालेला नाही हे दादा नव्या रोपांवर स्वतःच पाहतील.

दादा बराच वेळ बोलले नाहीत. पुतण्याने मोबाइलवर रोपांचा भाव काढला आणि एकरी किती लागतील ते सांगू लागला. खर्च घरच्या बेण्यापेक्षा जास्त होता, आणि घरच्या बेण्याला तर खर्चच नाही अशी आमच्याकडची गणना. दादांनी त्याला हाताने थांबवले. त्यांच्या मनात पैसे नव्हते. त्यांनी मला विचारले की ताईकडे गेलेल्या ट्रॉलीचे काय.

तिच्याकडे चार एकर आहेत त्या बेण्याचे. मागच्या साली तिच्या जावेच्या भावानेही तिथूनच नेले. मी म्हणालो, मी फोन करतो. दादांनी मान हलवली. बेणे त्यांनी दिले होते, तेव्हा सांगायचेही त्यांनीच. ओसरीवर जाऊन, पाठमोरे उभे राहून त्यांनी फोन लावला. आधी पोरांची चौकशी झाली, मग पाण्याची. मग मी त्यांना पिवळ्या शिरेबद्दल बोलताना ऐकले. उद्या सकाळी उसात जाऊन पाने उजेडाकडे धरून बघ, फोटो पाठव आणि यंदा त्यातले एक टिपरूही कोणाला देऊ नको, असे ते तिला सांगत होते. सुरू लागणीला अजून तीन आठवडे होते, आणि रोपवाटिकेत नाव घालायला तेवढे पुरेसे होते.